शाळकरी मुलांनी संशोधन-निबंध कसा लिहावा

शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी केलेले 'प्रकल्प' आपण सर्वांनीच पाहिलेले आहेत. चकचकीत पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत 'पर्यावरण' किंवा 'भारतीय शेती', आत कुठून कुठून कापून चिकटवलेली चित्रे आणि शेवटी गुरुजींची सही. अलीकडे तर कातर आणि डिंकही लागत नाही. मोबाइलवर दोन शब्द टाकले की पाचसात पानांचा मजकूर तयार होऊन येतो. तो छापून घ्यायचा, वर नाव घालायचे, झाले. मुलाला दहापैकी नऊ गुण मिळतात. पण त्याला मध्येच थांबवून विचारा, "बाळ, यातलं तू स्वतः काय पाहिलंस?" तर बिचारा गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो.

यात दोष मुलाचा नाही. माहिती जमवणे वेगळे आणि संशोधन करणे वेगळे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. दुसऱ्याला जे ठाऊक आहे ते आपण जाणून घेतले, तर ती झाली माहिती. संशोधनात एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपले आपण शोधायचे असते, आणि ते कसे शोधले हे इतके स्पष्ट लिहायचे असते, की दुसऱ्या कोणाला वाटले तर त्याने तसेच करून पडताळा घ्यावा. आठवी-नववीच्या मुलांना हे जमेल का? जमते. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली ती याच भरवशावर. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या गावातलाच एखादा प्रश्न घ्यावा आणि त्याचा गटाने अभ्यास करावा, अशी तिची कल्पना. याला प्रयोगशाळा लागत नाही, आणि पैसा तर जवळजवळ लागतच नाही. एक वही आणि थोडी चिकाटी मात्र पाहिजे. ते कसे करावे, हे आपण एका पाखराच्या निमित्ताने पाहू.

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झाडाला लोंबणारी सुगरणीची घरटी कोणी पाहिली नाहीत? आता सांगा, ते घरटे विणतो कोण? गावात विचाराल तर शंभरातले नव्वद लोक म्हणतील, "सुगरण विणते, आणखी कोण?" आपल्या भाषेने त्या पाखराला नावच बाईमाणसाचे दिले आहे. बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता शाळेत आपण सारेच शिकलो. तिथेही घर बांधणारी आहे ती पिलांची आईच.

१९३० सालच्या पावसाळ्यात सालिम अली हे पक्षिनिरीक्षक अलिबागजवळ किहीमला राहत होते. हातची नोकरी गेलेली. घराजवळ सुगरणींची एक वसाहत होती. त्यांनी झाडाशी शिडी उभी केली, आडोशाला कापड लावले आणि त्यामागे बसून दिवसचे दिवस घरट्यांकडे पाहत राहिले. कोणते पाखरू कोणत्या घरट्यावर आले, काय आणले, केव्हा गेले, हे टिपत राहिले. त्यातून जे निघाले ते असे. घरटे विणतो नर. तो ते अर्ध्यावर आणतो, तेव्हा माद्या येऊन घरटी पाहतात, आत शिरतात, तपासतात. मादीने घरटे पसंत केले, की मग नर ते पुरे करतो, त्याला लांब नळीसारखे दार लावतो. आणि मादी अंड्यांवर बसली, की हे महाशय शेजारी दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहतात! हा अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जाणकारांनी तो उचलून धरला.

कवितेला खोटे पाडण्याचा हा उद्योग नव्हे, बरं का. कविता तिच्या जागी खरीच आहे. तिला आईच्या मायेबद्दल बोलायचे आहे. माझे सांगणे एवढेच, की हजारो वर्षे आपल्या विहिरीवर जे उघड्यावर चालले होते, ते पाहायला शिडी आणि वही घेऊन बसणारा माणूस लागला. आणि तसे बसायला नववीतल्या मुलामुलींना कोणाची आडकाठी आहे?

तेव्हा पहिली गोष्ट, प्रश्न. इथेच निम्मे काम होते, आणि निम्मी शाळा इथेच घसरते. 'पक्षी व त्यांचे जीवन' हा प्रश्न नाही; ते पुस्तकाचे नाव झाले. 'सुगरण पक्षी' हाही प्रश्न नाही. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवे आणि उत्तर आपल्या पायांच्या आणि डोळ्यांच्या टप्प्यात हवे. पाहा: 'आमच्या गावच्या विहिरींवर या पावसाळ्यात सुगरणीची घरटी किती झाली, आणि त्यांतली किती अर्धवट राहिली?' किंवा, सुगरणीची घरटी बहुधा झाडाच्या पूर्व अंगाला असतात, कारण पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, असे म्हणतात. मग 'आमच्या गावात ते खरे ठरते का?' किंवा, 'झाड एकच, पण पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर घरटी जास्त, की जमिनीवरच्या?' असा प्रश्न पाचसहा मुले एका हंगामात हाताळू शकतात. शिवाय सोय अशी, की पावसाळ्याच्या तोंडाला शाळा उघडते आणि पाखरांचे कामही त्याच सुमारास सुरू होते.

गुरुजनांना इथे एक विनंती. प्रश्न तुम्ही देऊ नका. मुलांना दोनचार दिवस नुसते हिंडू द्या, त्यांच्याकडून वीसपंचवीस प्रश्न लिहून घ्या आणि मग एकेक चाळा: याचे उत्तर आपल्याला मोजता येईल का? हंगामात संपेल का? पाखरांना त्रास न देता होईल का? विहिरीच्या काठावर न चढता होईल का? शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पावसाळ्यात विहिरीचा काठ निसरडा असतो. बसायचे ते अंतर राखून, सोबत मोठे माणूस घेऊन. आणि घरट्याला हात लावायचा नाही, अंडी पाहण्यासाठीसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट वही. संशोधनाचा निबंध शेवटी लिहितात असा समज आहे. तो खरे तर पहिल्या दिवसापासून वहीत लिहिला जात असतो. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, हवा आणि पाहणाऱ्याचे नाव. नोंद तिथेच करायची, घरी येऊन आठवणीने नाही. माणसाची आठवण मोठी लबाड असते. आपल्याला हवे ते ठेवते, नको ते टाकते. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे 'दिसले ते', उजवीकडे 'वाटले ते'. 'पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताचे पाते घेऊन तिसऱ्या घरट्यावर आला' हे डावीकडे. 'तो घाईत होता' हे उजवीकडे. ही एक सवय लागली, तर बाकीचे पुष्कळसे आपोआप सुधारते.

नर-मादी ओळखायचे कसे? विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर आणि छातीवर हळदीसारखा पिवळा रंग चढतो. मादी चिमणीसारखी मातकट असते. पण हंगाम सरला की नरही मातकट दिसतो. तेव्हा 'पिवळा नव्हता, म्हणजे मादीच' असे सप्टेंबरनंतर धडधडीत लिहिता येणार नाही. अशा अडचणी लपवायच्या नाहीत. त्या निबंधात लिहायच्या असतात, आणि जाणता वाचक आधी त्याच शोधतो.

आणखी एक. एखाद्या गटाला नेमून दिलेल्या विहिरीवर एकही घरटे सापडणार नाही. मुले हिरमुसली होऊन येतील. त्यांना सांगा, शून्य हीही नोंद आहे. झाड तोडले म्हणून शून्य, की झाड असून शून्य, हे नीट पाहून लिहा. कदाचित साऱ्या निबंधात महत्त्वाची गोष्ट तीच ठरेल.

आता जरा नाजूक मुद्दा. आपल्याला जे खरे ठरावे असे वाटते, ते आपल्या डोळ्यांना जास्त दिसते. हे टाळायचे कसे, ते अमेरिकेतल्या एका मुलीने फार सुरेख दाखवले. तिचे नाव एमिली रोझा. तिकडे काही परिचारिका रुग्णाला न शिवता, नुसता हात वरून फिरवून उपचार करीत; माणसाच्या अंगाभोवती एक शक्ती असते आणि ती आपल्या तळहाताला जाणवते, असे त्यांचे म्हणणे. नऊ वर्षांच्या एमिलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी साधा प्रश्न घेतला: खरंच जाणवते का? तिने मध्ये एक पडदा उभा केला. उपचार करणाऱ्याने आपले दोन्ही हात पडद्याखालून पलीकडे काढायचे. एमिली नाणे उडवी, छापा-काटा जे पडेल त्याप्रमाणे उजव्या किंवा डाव्या हाताच्या वर थोड्या अंतरावर आपला हात धरी आणि विचारी, "माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे?"

नुसते अंदाजाने सांगितले, तरी निम्मी उत्तरे बरोबर यायला हवीत. २१ जणांनी मिळून २८० वेळा उत्तरे दिली. १२३ बरोबर आली. म्हणजे शंभरात ४४. निम्मीसुद्धा नाहीत! हा प्रयोग १९९८ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. आई व आणखी दोन मोठी माणसे यांच्या नावांबरोबर एमिलीचे नाव होते, आणि तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

या सगळ्यात महागाची वस्तू कोणती? एक नाणे. पण ते नाणेच या प्रयोगाचा प्राण आहे. एमिलीने हात मनाने निवडला असता, तर कोणी म्हटले असते की तिची सवय समोरच्याने ओळखली, किंवा तिने मुद्दाम फसवले. आपल्या घरट्यांच्या मोजणीलाही असाच बंदोबस्त हवा. एका झाडाची मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी, एकमेकांची वही न पाहता. एकाची ३८ आणि दुसऱ्याची ४१ भरली, तर पुन्हा मोजावे. तरी फरक राहिला, तर तो तसाच लिहावा. आणि गावातली मोठी लगडलेली झाडे तेवढी निवडायची नाहीत. एक तर सगळी घ्या, नाहीतर चिठ्ठ्या टाकून निवडा.

मग पुस्तकांचे, जाणत्यांचे काय? त्यांच्याकडे जायचेच, पण आपला प्रश्न घेऊन जायचे. पुस्तकातून घेतलेल्या गोष्टीपुढे लेखक, पुस्तक, साल आणि पान लिहायचे. शब्द त्यांचेच घेतले, तर अवतरणचिन्हात. आपल्या शब्दांत सांगितले, तरी नाव त्यांचेच. यात कमीपणा नाही. उलट, कोणाच्या खांद्यावर उभे आहोत हे सांगणारा पोरगा शहाणा दिसतो. गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितले, की "माझ्या लहानपणी या विहिरीवर घरटीच घरटी असायची", तर तेही मोलाचे. पण ती आठवण आहे, मोजणी नाही, म्हणून आठवण म्हणूनच लिहायची, त्यांना विचारून त्यांचे नाव आणि तारीख घालून.

मोबाइलवरच्या मजकुराबद्दल भांडण करण्यात अर्थ नाही. मुले तो पाहणारच. त्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: "हे मुळात कोणी पाहिलं होतं?" त्याचा माग लागला, माणूस आणि लेख सापडला, तर तो आधार. नुसते 'असे म्हटले जाते' असेल, किंवा यंत्राने जुळवून दिलेली गोड वाक्ये असतील, तर तो आधार नव्हे. फार तर आपणच तपासून पाहावी अशी एक शंका.

आता लिहायला बसू. मुलांना वाटते, निबंध म्हणजे भारी शब्द. 'निसर्गाच्या कुशीत विहार करणारा हा चिमुकला कारागीर' अशी सुरुवात झालीच म्हणून समजा. ती खोडा. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, आणि तो का पडला ते. पुढे, याविषयी इतरांनी काय सांगितले आहे ते थोडक्यात. त्यानंतर आपण काय केले: कोणत्या विहिरी, किती झाडे, कोणत्या तारखांना, किती वाजता, कोण कोण. हा भाग स्वयंपाकाच्या कृतीसारखा लिहावा. शेजारच्या गावच्या मुलांनी तो वाचून तसेच करता आले पाहिजे. मग जे दिसले ते, कोष्टकासकट. आणि सर्वांत शेवटी, त्याचा अर्थ काय असू शकेल ते. हे दोन भाग एकमेकांत कालवू नका. दिसले ते वेगळ्या परिच्छेदात, त्यावरचा विचार वेगळ्या.

एक नमुना घेऊ. समजा, तीन विहिरींवर मिळून ४० घरटी भरली. २६ पुरी, १४ अर्धवट. मुले ताबडतोब लिहितील, 'यावरून १४ घरटी माद्यांनी नाकारली हे सिद्ध होते.' इथे गुरुजींनी पेन काढू नये, प्रश्न विचारावा. मादी आलेली तुम्ही पाहिली का? घरटे अर्धे आहे, ते नाकारले म्हणून, की मोजणीच्या दिवशी काम चालूच होते म्हणून? वाऱ्याने खालचा भाग तुटला असेल का? मग मुले आपणहून वाक्य दुरुस्त करतील: '२० ऑगस्टला ४० पैकी १४ घरटी अर्धवट होती. त्यांपैकी ५ घरट्यांत मादी शिरून परत जाताना आम्ही पाहिली. उरलेली ९ का अर्धवट राहिली, हे आम्हाला सांगता येत नाही.' आधीचे वाक्य फुशारकीचे होते. हे वाक्य कोणीही येऊन तपासावे असे आहे.

तसेच दिशेचे. ४० पैकी ३० घरटी पूर्वेला निघाली, तर आनंद होईल खरा. पण बांधावरच्या बाभळीच्या पश्चिमेकडच्या फांद्या मालकाने सरपणासाठी तोडल्या असतील, तर पाखरे तरी जाणार कुठे? म्हणून प्रत्येक झाडाचे साधे रेखाचित्र काढावे, दिशा दाखवावी, फांद्या कोणत्या अंगाला आहेत ते दाखवावे. हे चित्र एक पानभर वर्णनाचे काम करते.

भाषेची भीती बाळगू नका. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन नावाच्या खेड्यातल्या शाळेतल्या २५ मुलांनी, वय आठ ते दहा वर्षे, भुंग्यांवर प्रयोग केले. भुंगे साखरपाण्याची जागा लक्षात ठेवताना रंग पाहतात, की रंगांची मांडणी, असा त्यांचा प्रश्न. भुंगे दोन्हींचा मेळ घालतात, असे त्यांना आढळले. हा निबंध २०१० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेली चित्रे होती आणि भाषाही मुलांचीच होती. त्यांच्याबरोबर एक शास्त्रज्ञ होते, शिक्षक होते. पण मोठ्यांनी मुलांची वाक्ये 'सुधारून' टाकली नाहीत. आपल्याकडे नेमके उलटे होते. मुलाने लिहिलेले 'पाखरू खाली डोकं वर पाय करून विणत होतं' हे वाक्य खोडून आपण 'सदर पक्षी विणकार्यात मग्न असल्याचे निदर्शनास आले' असे करतो. पाखरू कसे लटकले होते, ते त्यात कुठे गेले? शुद्धलेखन जरूर तपासावे. वाक्य मुलाचे मुलाजवळ राहू द्यावे. वऱ्हाडातल्या मुलाने एखाद्या झाडाचे गावातले नाव लिहिले, तर ते ठेवून शेजारी पुस्तकी नाव लिहावे म्हणजे झाले.

लांबीही फार नको. चारपाच पाने, एकदोन कोष्टके, एक नकाशा. शेवटी गटातल्या सर्वांची नावे आणि कोणी काय केले ते. जो पोरगा भर उन्हात रोज दोन कोस चालून मोजणी करून आला, त्याचे अक्षर वाईट म्हणून नाव खाली ढकलले जाऊ नये.

निबंध झाला की तो वर्गात मोठ्याने वाचा, आणि ज्यांच्या विहिरी पाहिल्या त्या शेतकऱ्यांनाही वाचायला बोलवा. "अरे, ती घरटी मागच्या वादळात पडली होती," असे कोणी म्हणाले, तर ते लिहून घ्या आणि निबंधात दुरुस्ती करा. मग एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या नववीने त्याच विहिरींवर, त्याच तारखांना पुन्हा मोजावे. चारपाच वर्षांत गावाजवळ अशी नोंद होईल, जी कोणत्याही छापील पुस्तकात मिळायची नाही. पहिल्या पानावर विहिरींची नावे, झाडांच्या खुणा आणि मोजणीचा दिवस मात्र न विसरता लिहा. नाहीतर पुढच्या मुलांना कोणती बाभूळ, हेच कळायचे नाही.